ताईच्या नावाने

हाताने भरतकाम केलेली जाकिटं विकायचं पेज ताईने सुरू केलं होतं. ती अपघातात गेली, त्याला आता वर्ष होईल. घेतलेल्या ऑर्डरी अर्ध्यावर राहायला नकोत म्हणून धाकट्या बहिणीने सुई उचलली. ताईचा तो गाठीचा टाका तिला महिनाभर उसवून उसवून एकदाचा जमला. पण पेजवर 'ती गेली' एवढं लिहायला मात्र हात धजावेना. गिऱ्हाइकांना ती ताईच्या नावानेच उत्तरं देत राहिली.

त्यातल्या एका बाईंनी प्रोफाइलवर नावाच्या जागी नुसतं फुलाचं चित्र ठेवलं होतं. त्यांच्या जाकिटाचा रंग काही केल्या ठरत नव्हता. रोज दुपारी त्यांचा मेसेज यायचा, "निळा बरा दिसेल का गं?" आणि मग हळूच, "मान आखडते का अजून? अधूनमधून उठत जा."

"आता बरी आहे मान," ती लिहायची.

आज मात्र तिला ते लिहवेना. इतक्या मायेने विचारणाऱ्या माणसाला आणखी किती दिवस फसवायचं? तिने एका दमात लिहून टाकलं, "माफ करा. मी ती नाही. ती गेली. मी तिची धाकटी बहीण." आणि डोळे मिटून पाठवलं.

उत्तर फोनवर आलं नाही.



मग शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला, "माहीत आहे गं. पण अजून थोडे दिवस तिच्या नावानेच लिही ना."