फणसाची पाचर

"ताडपत्री राहू दे," असं हणमंतरावांनी बजावलं होतं, तरी सकवारबाईंनी ती ओढून काढलीच.

"आयुधपूजेला यंत्र झाकून ठेवतं का कुणी? देवी काय म्हणेल?" असं म्हणत त्या लाकूड घासायच्या यंत्राला हळदकुंकू लावू लागल्या.

देवीची हणमंतरावांना भीती नव्हती. भीती होती ती विश्वासरावांची. दर आयुधपूजेला विश्वासराव यशवंतपूरच्या या गल्लीतल्या प्रत्येक शेडमध्ये प्रसादाला यायचे, आणि आता कोणत्याही क्षणी दारात उभे राहणार होते.

यंत्र दिसायला झकास होतं. लाकडी चकत्या दांड्यावर ओवून केलेला जाडजूड रूळ, त्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर आणि रूळ फिरवायला घरच्या जुन्या ग्राइंडरची मोटर. खडबडीत फळी इकडून सरकवली की तिकडून गुळगुळीत होऊन बाहेर. सकवारबाई गावभर सांगत सुटल्या होत्या, "आमच्या ह्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलं." ते ऐकलं की हणमंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण डोकं विश्वासरावांचं होतं.

विश्वासरावांच्या कामासारखी सफाई गल्लीत दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि आपलं यंत्र ते कोणाच्या दृष्टीला पडू देत नसत. गिऱ्हाईक आलं तर बाहेरच्या बाकावर बसायचं, आत डोकवायचं नाही. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी शेडची किल्ली हणमंतरावांच्या हातात ठेवली. "देवापुढं दिवा तेवढा लाव, हणमंता. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

हणमंतरावांनी दिवा लावला, आणि दोऱ्याला गाठी मारमारून यंत्राचं मापही घेतलं.

पाय, रूळ, पट्टा, सगळं जसंच्या तसं उचललं. मागच्या डाव्या पायाखाली फणसाच्या लाकडाची एक पाचर होती, तीसुद्धा तशीच कापून घातली. ती कशासाठी, हे त्यांच्या ध्यानात येईना. तिच्यामुळे यंत्र उलट डुगडुगायचं. पण हात लावून पाहिलं तेव्हा विश्वासरावांचंही डुगडुगलं होतं. एवढा कसबी माणूस उगाच कशाला घालेल? भुसा एका बाजूला पडावा म्हणून असेल, अशी हणमंतरावांनी स्वतःची समजूत घातली. नक्कल करणाऱ्याला अक्कल विचारायची सोय नसते.

"इथं पाणी तुंबलंय बघा," सकवारबाई खराटा घेऊन कुरकुरल्या. पूजेसाठी धुतलेल्या शेडमध्ये पाणी जागच्या जागी उभं होतं.

पूर्वी असं व्हायचं नाही. हणमंतरावांचे वडील आप्पाजी इथं सुतारकाम करत, तेव्हा दगडी फरशी होती आणि ती मागच्या गटाराकडे चांगलीच उतरती होती. लहानपणी इथं गोट्या खेळायची सोय नव्हती, सगळ्या गटाराकडे पळायच्या. पुढे हणमंतराव कारखान्यात लागले. इस्त्रीच्या शर्टाला भुशाची लाज वाटू लागली आणि त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकणंच सोडलं. आप्पाजी गेल्यावर जागा भाड्याने द्यायची म्हणून त्यांनी कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेलं लोखंडलाकूड न बघताच भंगारवाल्याच्या गाडीत घातलं आणि जमीन सिमेंटने सपाट करून घेतली.

मग कारखानाच बंद पडला, आणि भुशाशिवाय गती उरली नाही. त्या वेळी विश्वासरावांनी त्यांना रंधा धरायला शिकवलं, आपली कामं वाटून दिली. धाकट्या भावासारखं उभं केलं. अशा माणसाच्या घरातून आपण चोरी केली, हे आठवलं की हणमंतराव भरलं ताट बाजूला सारत. आज ते यंत्र बघतील आणि पुन्हा आपल्या दारात पाऊल ठेवणार नाहीत.

"अक्का, प्रसाद मिळेल का स्वल्प?" दारातून आवाज आला.

"या की अण्णा!" सकवारबाई हरखल्या. "आधी ह्यांचं यंत्र बघा. कुणाचं बघितलं नाही, काही नाही, सगळं ह्यांच्या डोक्यातलं! बसा, मी चुरमुरे आणते." आणि त्या घरात गेल्या.

विश्वासराव यंत्रापुढे उभे राहिले. रूळ पाहिला, पट्टा पाहिला. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. मागच्या डाव्या पायाकडे नजर गेली मात्र, त्यांचा चेहरा पार उतरला.

हणमंतरावांना राहवेना. "अण्णा, ती बोलली ते खोटं आहे. तिला माहीत नाही. हे तुमचं आहे. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी माप घेतलं. तुम्ही किल्ली दिलीत आणि मी असं केलं. चपलेनं मारा मला."

विश्वासराव रागावले नाहीत. त्यांनी बोटाने पाचर चाचपली.

"हीपण घातलीस?"

"घातली. कशाला असते ते नाही कळलं. तुमच्याकडं होती म्हणून घातली."

विश्वासरावांनी काळा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाच पुसत राहिले. मान वर करून हणमंतरावांकडे बघायचा त्यांना धीर होईना. ते बघत होते भिंतीवरच्या, आजच झेंडूचा हार घातलेल्या आप्पाजींच्या फोटोकडे.

"मलाही कधी कळलं नाही, हणमंता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुझ्या आप्पाजींच्या यंत्राखाली होती, म्हणून मीपण घातली."