मास्तरांची टाच

वास आजही होता.

मास्तरांनी जाग येताच श्वास घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. गोडसर, कुजका, घशाशी येणारा वास.

"आला का हो?" बायकोनं विचारलं. तिचे गुडघे वाकत नसत, म्हणून ती पलंगाशी उंच स्टूल घेऊन त्यांची पट्टी सोडत होती.

"आला."

"कालच्यापेक्षा कमी?"

"जास्त."

वास तिलाही येतच होता.

मास्तर शिंपी. चाळीस वर्षं उजव्या पायानं शिलाई मशीन चालवलेलं. नवा बूट टाचेला चावला, साखरेनं बधिर झालेल्या पायाला ते कळलं नाही, आणि महिन्याभरात टाचेचं हाड दिसायला लागलं. डॉक्टरांनी पोटरीच्या कातडीचा मांसासकट तुकडा फिरवून टाचेवर बसवला. वर कॅप्सूलची एक बाटली दिली.

"द्राक्षाच्या बिया आणि हिरव्या चहाचा अर्क आहे," ते म्हणाले होते. "साखर जुनी झाली की शरीर आतून गंजतं, जखम धरत नाही. हा अर्क तो गंज रोखतो असं आम्हाला वाटतंय. अजून तपासणी चालू आहे, खात्री देत नाही. पट्टी घरीच बदला, चौदाव्या दिवशी या. मात्र वास आला तर त्याच दिवशी या. वास म्हणजे आत कुजतंय. मग गुडघ्याखालून काढण्यावाचून इलाज नाही."

वास सहाव्या दिवशी आला. दोघं गेले नाहीत.

"आज गेलो तर आजच कापतील," मास्तर म्हणाले होते. "चौदा दिवस दिलेत ना? मग ते तरी घेऊ दे मला."

"घ्या. मी बरी कापू देईन!" ती म्हणाली होती. आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली होती.

तेव्हापासून ती घड्याळ लावून कॅप्सूल द्यायची. हातानं भरवायची, तेही गिळेपर्यंत समोर उभी राहून.

"एखादी तूही घे की," मास्तर चिडवायचे. "साखर आपल्याला जोडीनंच निघाली. लग्नात बरोबर, दुखण्यात बरोबर."

"माझी साखर नावापुरती. आणि मोजून दिल्यात त्या. तुमच्या टाचेच्या तोंडचा घास काढू होय?"

दिवसभर ती पायावर उभी. पट्ट्या उकळायच्या, गिऱ्हाइकांचे कपडे दारातूनच परत करायचे, आत आलंच कुणी तर नाकाला पदर लावलेला बघून न बघितल्यासारखं करायचं. फरशी गार म्हणून पायात जाड काळे मोजे. परवा घाईत किटली कलंडली आणि चहा तिच्या पायावर सांडला.

"भाजलं का गं?"

"छे! कोमट तर आहे."

उरलेल्या चहानं मास्तरांची जीभ पोळली. पण त्यांचं लक्ष कुठे होतं! ते आपल्या पायाकडे बघत होते. दिसायला टाच बरी होती. पण डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाकावर? ती बाजारात गेली की वास जरा कमी व्हायचा, तेवढंच बरं वाटायचं. ती जाताना खिडकी उघडी ठेवायची, म्हणून असेल. ती आली, पट्टी सोडायला बसली, की पुन्हा तोच.

आज चौदावा दिवस. मास्तरांनी मशीनवर हात फिरवला, झाकण घातलं आणि म्हणाले, "विकून टाक. एका पायाचा शिंपी कुणाला हवाय?"

"अभद्र बोलू नका हो," ती म्हणाली. पण तिच्याही आवाजात दम राहिला नव्हता.

डॉक्टरांच्या खोलीत मास्तर टेबलावर आडवे झाले. ती बाजूच्या खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी दार लावलं आणि नाक आक्रसलं.

"वास कधीपासून?"

"आठ दिवस," मास्तर म्हणाले. "चूक झाली, डॉक्टर. भीतीनं आलो नाही. कापा काय कापायचं ते, पण हिला बाहेर बसवा. हिच्यानं बघवणार नाही."

"मी कुठ्ठं जायची नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. कड दाबली. सुईचं टोक लावलं, तर ताज्या लाल रक्ताचा थेंब आला. मग ते वाकून टाचेला अगदी नाक लावून बसले, बराच वेळ.

"धरलाय," ते म्हणाले. "मास्तर, तुकडा धरलाय! कुठे पू नाही, कुठे काळं नाही. पाय राहिला तुमचा."

मास्तरांना हुंदका फुटला. ती डोळे पुसत पुसत हसत सुटली. "बघू द्या ना मला! अगं बाई, खरंच की!" खुर्चीतून पुढे झुकून ती त्या टाचेकडे नुसती बघत राहिली.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते अजून वासच घेत होते. हळूहळू त्यांनी मान वळवली, जमिनीवर गुडघे टेकले आणि तिचा उजवा पाय उचलून मोजा ओढला. मोजा चिकटला होता. तळव्याचं कातडं त्याच्याबरोबरच आलं.

मास्तर कोपरावर उठून बघत होते. काळेपणा घोट्याच्याही वर चढला होता. डॉक्टरांनी चिमटा घातला आणि तळव्यातून शिलाई मशीनची मोडकी सुई ओढून काढली.

"किती गुलाबी झालीय हो तुमची टाच," बायको म्हणत होती.