डबड्याचा काय भरवसा

अपडेट झालं आणि सुनेचा कॉम्प्युटर काळाठिक्कर पडला. चार वर्षांचा प्रबंध त्याच्या पोटात, आणि तो उद्या सकाळी द्यायचा होता. दुरुस्तीवाला येईपर्यंत ती बटण दाबत राहिली. त्यात सासूबाईंचं नेहमीचं चालूच होतं, "त्या डबड्यासमोर बसून डोळ्यांच्या खाचा करून घेतल्यास, मिळालं काय?"

दुरुस्तीवाला टेबलामागे वाकला. "मशीन ठणठणीत आहे, ताई. मागे हा पेनड्राइव्ह राहिलाय. अपडेटनंतर चालू होताना ते बिचारं आधी यातच घुटमळत बसलं." त्याने तो उपसला, पुन्हा बटण दाबलं आणि स्क्रीन उजळला. प्रबंध जागच्या जागी होता. सुनेचा जीव भांड्यात पडला.

"पण हा पेनड्राइव्ह माझा नाही," ती म्हणाली.

"माझा आहे." दारात सासूबाई ओले हात पुसत उभ्या होत्या. "तू आंघोळीला गेलीस की तुझं लिखाण रोज त्यात उतरवून घेते. डबड्याचा काय भरवसा? आज तेवढा काढायचा राहिला."

सून बघतच राहिली.

"बघतेस काय अशी? चौथं प्रकरण मात्र उगाच ताणलंस हो."