टाकीतली घाण

भरलेला ट्रक चढावर आचके खात होता, इंजिन मधूनच एकेक ठोका गिळत होतं आणि पिकअप तर पार मेलं होतं. मेकॅनिकने सगळं तपासून शेवटी डिझेल फिल्टर खोलला. फिल्टरच्या वाटीच्या तळाशी पाणी, बोटाला चिकटणारा काळा गाळ आणि वर रॉकेलचा भपकारा. त्याने ती वाटी ट्रकमालकापुढे धरली.

"शी! असलं पाजल्यावर इंजिन ओकणार नाही तर काय, शेठ?"

मालकाने ती हुंगली आणि पचकन थुंकला. "असली भेसळ करणाऱ्याच्या नरड्यात हेच ओतलं पाहिजे. माणसं आहेत का गिधाडं?" मग तो ड्रायव्हरवर घसरला. "आपल्या गाड्या आपल्याच पंपावर भरायच्या, हे किती वेळा सांगायचं? कुठल्या चोराकडे गेला होतास? उद्यापासून तोंड दाखवू नकोस!"

ड्रायव्हर गांगरला.



"आपल्याच पंपावर भरलं हो, मालक! आपल्या गाड्यांचा मागचा पाइप बंद होता, म्हणून फक्त या वेळी पुढच्या, गिऱ्हाइकांच्या पाइपातनं घेतलं."