काखेतली चटई

पिठाची गोणी उचलताना शेवंतीच्या पाठीत काहीतरी फुटलं आणि तेव्हापासून उभं राहिलं की तिचं डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. मुलुंडच्या डॉक्टरांनी मात्र गोणी उचलण्याआधीचा जुना एमआरआय बघून तिसऱ्यांदा तेच ऐकवलं, “मणक्यातली पाण्याची गाठ साधी आहे, ती काही करत नाही. तुम्ही टेन्शन घेता.” पोळ्या लाटताना मधेमधे पाठ टेकायची चटई तिच्या काखेत होती. ती डॉक्टरांच्या टेबलाशेजारी अंथरून शेवंती सरळ आडवी झाली. “ऊठ गं, बाहेर लोक बसलेत,” तिचा नवरा बाळा पुटपुटला. “बसू देत. खुर्चीतून तीनदा सांगितलं, कोणी ऐकलं नाही. आता ठणका थांबलाय, आता नीट बोलते. डॉक्टर, गाठ फुटलीय माझी. पाणी गळतंय. खाली या.” शेवटी डॉक्टर खुर्ची सारून फरशीवर बसले. “बोला, कधीपासून?” “आधी पेन काढा,” शेवंती म्हणाली.