तांब्याभर पाणी

नळयोजनेचा फायदा सगळ्यांना झाला का, हे तपासायला एक साहेब सोयगावकडच्या आमच्या वस्तीत आले. नळ दारोदार बसलेत, पण पाणी गावातल्या पहिल्या दोन गल्ल्यांतच संपतं. आम्ही टँकरवर जगतो.

साहेब उन्हातून आलेले. सासूबाईंनी आधी त्यांना माठातलं तांब्याभर पाणी दिलं, मग गाऱ्हाणं सांगितलं.

"खरंय मावशी, पण फॉर्मात एवढंच विचारलंय, पाहणीच्या वेळी घरात पाणी होतं का?" ओठ पुसत त्यांनी 'होय'वर खूण केली.

वस्तीत घरोघर हेच झालं. उन्हातून आलेल्या माणसाला कोरड्या घशानं कोण बसवतं? पंधरा दिवसांनी टँकर बंद झाला.

लई तक्रारी केल्यावर काल दुसरे साहेब फेरतपासणीला आले. लांबच्या विहिरीवरून आणलेल्या पाण्याचा तांब्या भरून मी उंबऱ्यापर्यंत गेले. सासूबाईंनी हात आडवा घातला.



"थांब गं रूपा. आधी त्यांचं लिहून होऊ दे."