फक्त या खात्यासाठी

शस्त्रक्रियेत आवाज गेल्यावर इंदूबाईंच्या गळ्यात बोलकं यंत्र बसवलं. ओठ हलले की ते बोलायचं, पण त्यांच्या अहिराणीत नाही, शुद्ध पुस्तकी मराठीत. शिरपूरची थोरली बहीण, जिची दृष्टी गेली होती, फोनवर कुणी परकी बाई समजून एकच म्हणायची, "बाई, मन्ही बहीणले फोन द्या."

"भाषा बदलायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो," मुलगी नयना म्हणाली. "तो रुग्णालयाकडे असतो आणि ते देत नाहीत."

"यंत्र त्यांचं असेल. बोलणं माझं आहे," इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच मोबाइलवर यंत्राचं सेटिंग उघडलं.

'संपूर्ण यंत्रासाठी' या भागाला कुलूप होतं. खाली 'फक्त या खात्यासाठी' असा भाग होता, तो मात्र उघडा होता. तिथे त्यांनी 'भाषा' नावाची नवी नोंद केली आणि पुढे बहिणीला पाठवलेल्या जुन्या अहिराणी आवाजी निरोपांच्या फोल्डरचा पत्ता लिहिला.

तरी यंत्राचं बोलणं पुस्तकीच राहिलं.

"सुरू होतानाच यंत्र हे वाचत असणार. बंद करून बघू," इंदूबाई म्हणाल्या.

"आणि पुन्हा सुरूच झालं नाही तर? आई, कायमची मुकी होशील!"

"बहिणीसाठी मी आजही मुकीच आहे."

त्यांनी बटण दाबलं. गळा गप्प झाला. नयनाने आईचा हात घट्ट धरला. यंत्र हळूहळू जागं झालं, तसा इंदूबाईंनी शिरपूरला फोन लावला.

"ताई, मी शे व."

पलीकडून थोरलीने रडतच दटावलं, "इतला दिन कोठे व्हती व तू?"